दप्तर एक, दारें अनेक

कुटुंबांतील कागदपत्रें जपून ठेवणें हें आपल्याकडे पूर्वापार घरच्या कर्त्या माणसाच्या शहाणपणाचें एक लक्षण मानलें गेलें आहे. जमिनीचे उतारे, विम्याच्या पावत्या, मुलांचीं प्रमाणपत्रें आणि परगांवीं नांदत असलेल्या लेकींचीं खुशालीचीं पत्रें हीं सर्व एका रुमालांत बांधून माळ्यावरील पेटींत ठेविलेलीं असत, व वेळप्रसंगीं हवा तो कागद त्यांतून निघे. आज बँकेची सूचना, निवृत्तिवेतनासंबंधींचें पत्र, रुग्णालयाचा अहवाल, आयकर खात्याची नोटीस आणि परदेशीं असलेल्या मुलाचा सविस्तर मजकूर हीं सर्व ईमेलनें येतात. कागद आणि टांक मागें पडले. परंतु घरचें दप्तर सांभाळण्याची जबाबदारी मागें पडली नाहीं. उलट तें दप्तर आतां डोळ्यांना दिसत नसल्यामुळें ती अधिकच वाढली आहे, असें आम्हांस वाटतें.

या विषयाकडे वळण्यास निमित्तहि तसेंच घडलें आहे. मुंबईच्या आमच्या एका वाचकभगिनींनीं लिहिलें आहे कीं, त्यांच्या घरीं यजमानांचा अँड्रॉइड फोन, मुलीचा आयफोन, एक टॅब्लेट व एक संगणक अशीं चार साधनें आहेत. प्रत्येकावर निराळें ईमेल ॲप आहे. एकावर वाचलेलें पत्र दुसऱ्यावर सांपडत नाहीं, आणि प्रत्येक परिचित मनुष्य निराळ्याच ॲपची शिफारस करितो. तेव्हां यांतील सर्वांत चांगलें कोणतें तें एकदां सांगून टाकावें, अशी त्यांची सूचना आहे.

एकच नांव सांगून मोकळें होणें आम्हांस सोपें होतें. परंतु भांड्याचें नांव विचारण्यापूर्वीं त्यांत काय शिजवावयाचें आहे हें ठरवावें लागतें, तशांतलाच हा प्रकार आहे. म्हणून प्रथम एक कसोटी सांगतों व नांवें मागाहून घेतों. ती कसोटी अशी : जें ॲप उद्यां अचानक सोडावें लागलें तरी आपलें एकहि पत्र जाणार नाहीं आणि आपला पत्ता बदलावा लागणार नाहीं, तें ॲप घरांत घेण्यास योग्य. रंग, चिन्हें, सोयी या सर्वांचा विचार त्यानंतर.

ही कसोटी पटण्यासाठीं ईमेल कोठें राहतो हें समजणें अवश्य आहे. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास पत्र पाठविण्याची युक्ति काढिली, आणि माणसाचें नांव व संगणकाचें नांव यांच्यामध्यें @ हें चिन्ह घातलें. आजहि आपल्या पत्त्याचे तेच दोन भाग आहेत. चिन्हाच्या उजवीकडे जें नांव असतें त्याच्या दप्तरखान्यांत, म्हणजे सर्व्हरवर, आपलें पत्र येऊन पडतें. फोनवरील ॲप हें त्या दप्तरखान्याचें केवळ एक दार होय. पुण्यांतील पेशवे दप्तरांत अभ्यासक कोणत्या दारानें शिरला यावर तेथील कागदांचें अस्तित्व अवलंबून नसतें. तसेंच येथेंहि असावयास पाहिजे. मात्र तें तसें असेलच असें नाहीं, आणि गोंधळाचें मूळ नेमकें येथेंच आहे.

दप्तरखान्यांतून पत्र आणण्याच्या मुख्यतः दोन रीति आहेत. पहिलीस पॉप म्हणतात. ती १९८४ पासूनची आहे. तींत पत्र आपल्या संगणकावर उतरवून घेतलें जातें, आणि तसें ठरवून दिलेलें असल्यास दप्तरखान्यांतील मूळ प्रत पुसली जाते. पोस्टमन पत्र हातांत देऊन जातो व पोस्टांत कांहीं शिल्लक राहत नाहीं, तसा हा व्यवहार. घरांत एकच संगणक होता आणि सर्व्हरवर जागा अत्यंत थोडी मिळे, त्या काळीं ही रीति सोयीची होती. दुसरी रीति आयमॅप ही होय. मार्क क्रिस्पिन यांनीं ती १९८६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत असतांना तयार केली. तींत पत्र दप्तरखान्यांतच राहतें. फोन, टॅब्लेट, संगणक हे सर्व तेंच पत्र पाहतात. एका ठिकाणीं वाचलें तर सर्वत्र वाचल्याची खूण होते, एका ठिकाणीं कप्प्यांत ठेविलें तर सर्वत्र त्याच कप्प्यांत दिसतें. जीमेल, आउटलुक इत्यादींचीं स्वतःचीं ॲप्स आपापल्या कंपनीच्या निराळ्या परिभाषेंत सर्व्हरशीं बोलतात, परंतु मूळ तत्त्व आयमॅपचेंच.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या संगणकावर कोणी एका जाणत्यानें फार वर्षांपूर्वीं पॉपची रीति लावून दिली होती, आणि तींत मूळ प्रत पुसण्याची आज्ञाहि होती. पुढें फोन आला. पण फोनवर जुनें पत्र एकहि दिसेना. फोनच सदोष असावा अशी त्यांची समजूत झाली, व ते संगणकावरच पत्रें पाहत राहिले. एके दिवशीं संगणकांतील डिस्क बिघडली. कन्येच्या विवाहानंतरचीं, परदेशांतील पहिल्या हिंवाळ्याचीं, नातवाच्या जन्माचीं अशीं तेरा वर्षांचीं पत्रें तिच्याबरोबर गेलीं. लेकीकडे तिच्या बाजूच्या प्रती होत्या म्हणून कांहीं परत मिळालीं. परंतु त्यांच्या एका दिवंगत स्नेह्यानें लिहिलेलीं पत्रें कायमचीं गेलीं. त्या घरांत ॲप वाईट नव्हतें आणि फोनहि वाईट नव्हता. पत्रें कोठें राहतात हा एक प्रश्न तेवढा कोणीं विचारिला नव्हता.

म्हणून वाचकभगिनींनीं आज प्रथम हें करावें. चारहि साधनांवर त्या खात्याच्या मांडणींत जाऊन तेथें पॉप लिहिलें आहे कीं आयमॅप हें पाहावें. एका साधनावर जरी पॉप निघालें, तरी एकावर दिसणारें पत्र दुसऱ्यावर न सांपडण्याचें कारण बहुधा तेंच असतें. परंतु तें घाईनें काढून टाकूं नये. त्या संगणकावर उतरलेल्या पत्रांची एक प्रत आधीं दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि मगच आयमॅपनें खातें नव्यानें जोडावें.

आतां ॲपच्या आयुष्याचा विचार. पुष्कळांस असें वाटतें कीं मोठ्या कंपनीचें ॲप घेतलें म्हणजे तें जन्माचें झालें. इतिहास तसें सांगत नाहीं. स्टीव्ह डॉर्नर यांनीं १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत रचलेलें युडोरा हें ॲप एके काळीं जगभर वापरलें जाई. टपाल कचेरींत राहणाऱ्या एका बाईची गोष्ट लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेवरून त्याचें नांव ठेविलें होतें. तें आज केवळ संग्रहालयाचा विषय झालें आहे. मेलबॉक्स नांवाचें फार गाजलेलें ॲप ड्रॉपबॉक्स कंपनीनें २०१३ सालीं विकत घेतलें, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें तें बंद झालें. गूगलनें स्वतःचेंच इनबॉक्स हें ॲप एप्रिल २०१९ मध्यें बंद केलें. विंडोजबरोबर येणाऱ्या मेल या ॲपचा आधार मायक्रोसॉफ्टनें ३१ डिसेंबर २०२४ रोजीं काढून घेतला. या प्रत्येक वेळीं ज्यांचीं पत्रें सर्व्हरवर होतीं, त्यांना फक्त नवें दार शोधावें लागलें. पत्रें होतीं तेथेंच होतीं.

पत्त्याचेंहि असेंच आहे. इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीनें जो पत्ता दिला असेल, तो त्या जोडणीशीं बांधलेला असतो. आणि कचेरीनें दिलेला पत्ता नोकरीबरोबर जातो. निवृत्त झालेल्या माणसाच्या बँकेंत व विमा कंपनींत अद्याप कचेरीचाच पत्ता नोंदलेला असल्याचें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. पासवर्ड नवा करण्याची चिठी त्या पत्त्यावर जाते, आणि ती उघडणारें तेथें कोणी नसतें. तेव्हां घरच्या व्यवहारासाठीं नोकरी व जोडणी या दोहोंपासून स्वतंत्र असा पत्ता असावा. ज्यांना थोडा वार्षिक खर्च झेपेल त्यांनीं स्वतःच्या कुटुंबाचें डोमेन नांव घेतल्यास उत्तमच. मग पत्रें ठेवणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो.

यापुढील प्रश्न किल्लीचा आहे. ॲप हें दार खरें, पण दारावर बसणारा मनुष्य कोण, आणि तो पत्र वाचतो कीं नुसतें आंत सोडतो? चांगल्या व्यवस्थेंत ॲप आपणांस पत्र ठेवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पानावर नेतें. पासवर्ड आपण तेथें देतों, आणि ॲपला केवळ एक परवाना मिळतो. हा परवाना आपल्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून केव्हांहि रद्द करितां येतो. गूगलनें ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठीं नुसतें नांव व पासवर्ड घेऊन आंत येणाऱ्या परक्या ॲप्सना सामान्यतः मनाई केली, ती याच कारणासाठीं. एखादें अपरिचित ॲप आपल्याच चौकटींत पासवर्ड मागूं लागलें, तर क्षणभर थांबावें.

शिवाय कांहीं ॲप्स पत्रांची एक प्रत आपल्याहि सर्व्हरवर नेतात. विंडोजवरील नव्या आउटलुकमध्यें जीमेल, याहू अथवा अन्य आयमॅप खातें जोडिलें असतां पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ठेविली जाते. कंपनी ही गोष्ट लपवीत नाहीं. खातें जोडतांना तशी सूचना पडद्यावर येते. परंतु ती सूचना न वाचतां पुढें जाण्याची संवय आपणां सर्वांस जडली आहे. जोडावें कीं न जोडावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र तें वाचून ठरवावें.

फुकट मिळणाऱ्या सोयीबद्दलहि एक उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अनरोल-मी ही अमेरिकन सेवा जाहिरातींच्या ईमेलपासून सुटका करून देण्यासाठीं लोकांच्या पत्रांत प्रवेश मागत असे. त्या पत्रांतील खरेदीच्या पावत्यांवरून मिळणारी माहिती, नांवें वगळून, तिची मालक कंपनी विकते, ही गोष्ट २०१७ सालीं वर्तमानपत्रांतून उघडकीस आली. लोकांची दिशाभूल केल्याच्या आरोपाचा निकाल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढें २०१९ सालीं तडजोडीनें लागला. घर झाडून देतों म्हणून आंत आलेल्यानें कपाटांतील पावत्यांची टिपणें करून न्यावींत, त्यांतलाच हा प्रकार नव्हे काय?

इतकें समजल्यावर साधनांची निवड अवघड राहत नाहीं.

फोनवर आपण पत्र वाचतों, दोन ओळींचें उत्तर देतों आणि एखादी पावती उघडून पाहतों. एवढ्यासाठीं फोनबरोबर आलेलें ॲपच बहुधा पुरे होतें. आयफोनवर ॲपलचें मेल असतें. त्यांत जीमेल, आउटलुक किंवा आयमॅपचें कोणतेंहि खातें जोडितां येतें. अँड्रॉइडवर सामान्यतः जीमेल असतें, आणि त्यांतहि अन्य कंपन्यांचीं खातीं जोडितां येतात. ज्यांना जाहिराती नकोत व कंपनीच्या पत्रव्यवस्थेपासून स्वतंत्र असें ॲप हवें आहे, त्यांच्यासाठीं थंडरबर्ड हें नांव आम्ही सुचवूं. तें विनामूल्य असून त्याची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे; पूर्वींच्या के-नाइन मेल या ॲपवर उभारलेली त्याची अँड्रॉइड आवृत्ति ३० ऑक्टोबर २०२४ रोजीं प्रसिद्ध झाली.

संगणकावर आपण लांब पत्रें लिहितों, जुनीं शोधतों व कप्पे लावितों. येथें खरें ॲप असण्याचा उपयोग आहे. २००४ सालीं ज्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली तें थंडरबर्ड विंडोज, मॅक व लिनक्स या तिहींवर चालतें. ज्यांच्या घरीं मॅक आहे त्यांना ॲपलचें मेल पुरतें. ज्यांस हें सर्व नकोसें वाटतें त्यांनीं ब्राउझरमध्येंच पत्रें पाहावींत. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. कोणत्याहि नव्या ॲपवर मराठींत एक पत्र स्वतःलाच पाठवून पाहावें. विषयाची ओळ नीट दिसते कीं नाहीं, आणि मराठी शब्द शोधल्यास तें पत्र सांपडतें कीं नाहीं, हें दोन मिनिटांत कळतें. इंग्रजीखेरीज अन्य लिपि ईमेलमध्यें नीट चालण्याची व्यवस्था १९९२ सालीं ठरली, तरी शोधाच्या बाबतींत सर्व ॲप्स अद्याप सारखीं नाहींत.

टॅब्लेट बहुधा घरांतील वडील माणसांच्या हातीं असतो. त्यावर अक्षर मोठें करून द्यावें, आणि एकच खातें ठेवावें. परंतु तो इतका जुना झाला असेल कीं त्याला नव्या सुधारणा मिळणें बंद झालें आहे, तर त्यावर पैशाच्या व्यवहाराचीं पत्रें येणारें खातें ठेवूं नये. पुस्तकें व गाणीं यांसाठीं तो अजून चांगला आहे. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र कोणतेंहि ॲप लावूं नये. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी, काम आटोपावें आणि खात्यांतून आठवणीनें बाहेर पडावें.

येथें एका गैरसमजुतीबद्दल सावध करणें अवश्य आहे. आयमॅप म्हणजे दुसरी प्रत नव्हे. सर्व दारें एकाच दप्तरांत उघडतात, म्हणून एका दारानें शिरून पुसलेलें पत्र सर्वत्र पुसलें जातें. नातवाच्या हातून फोनवर पुसलें गेलें तरी तेंच. शिवाय दप्तरखान्याचे स्वतःचे नियम असतात. गूगल दोन वर्षें न वापरलेलीं वैयक्तिक खातीं काढून टाकूं शकते. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. गूगलची विनामूल्य जागा १५ गिगाबाइट आहे, व ती पत्रें, छायाचित्रें आणि इतर कागद यांच्यांत मिळून आहे. ती भरली कीं नवीं पत्रें येणें थांबतें. लग्नाच्या छायाचित्रांनीं जागा भरली आणि निवृत्तिवेतनाचें पत्र दाराशींच अडलें, असें होऊं शकतें.

यावर उपाय जुनाच आहे. दिवाळींत नव्या वह्यांची पूजा होते. त्याच सुमारास वर्षांतून एकदां सर्व पत्रांची एक प्रत घरच्या स्वतंत्र डिस्कवर घेण्याचा नेम करावा. गूगलच्या टेकआउट या सोयीनें सर्व पत्रें एमबॉक्स नांवाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेतां येतात. थंडरबर्डमध्यें हवीं तीं पत्रें स्थानिक कप्प्यांत उतरवून ठेवितां येतात, आणि सर्व्हरवर काय घडलें याचा त्या कप्प्यांस धक्का लागत नाहीं. ज्या ॲपमधून पत्रें अशा रीतीनें बाहेर काढितां येत नाहींत, तें कितीहि देखणें असलें तरी आमच्या कसोटीस उतरत नाहीं.

शेवटीं वाचकभगिनींस एक गोष्ट विशेषेंकरून सांगावयाची आहे. आपल्या पत्रांत चार साधनांचा उल्लेख आहे. परंतु त्यांत आपला स्वतःचा पत्ता कोणता हें कोठेंच आलेलें नाहीं. पुष्कळ घरांत गॅस, बँक, विमा, मुलांची शाळा हें सर्व यजमानांच्या एकाच पत्त्यावर येतें, आणि त्याची किल्ली त्यांच्याच फोनवर असते. प्रसंग सांगून येत नाहीं. दुःखाच्या दिवसांत एखाद्या स्त्रीला आपल्याच घरच्या कागदांसाठीं दारोदार विनवण्या कराव्या लागाव्यात, यासारखी दुसरी विटंबना नाहीं. आपला पत्ता निराळा असूं द्या, आपल्या बँकेची व आरोग्याचीं पत्रें त्यावर येऊं द्या, आणि एकमेकांच्या पश्चात् खातें कसें उघडावें याची व्यवस्था दोघांनीं मिळून आजच करून ठेवा. गूगलमध्यें खातें दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास तें कोणाकडे जावें हें नेमून ठेवितां येतें, व ॲपलमध्येंहि वारसदार नेमण्याची सोय डिसेंबर २०२१ पासून आहे.

रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्यांत राजकारणाचे खलिते आहेत, तसे आजारपणाचे, लग्नकार्याचे व घरखर्चाचेहि कागद आहेत. ते लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहीत आहों याची कल्पना नव्हती. कोणीं तरी ते रुमालांत नीट बांधून ठेविले, म्हणूनच ते आपणांपर्यंत आले. आपल्या लेकीचें परदेशांतून आलेलें पत्र तितक्याच योग्यतेचें आहे, असें समजून त्याची काळजी घ्यावी. या रविवारीं दुपारीं चारहि साधनें एकत्र घेऊन बसावें, प्रत्येकावर पॉप आहे कीं आयमॅप हें एका कागदावर लिहून काढावें, आणि त्यांत कांहीं अडल्यास आम्हांस पुन्हा अवश्य लिहावें.